चाक न उघडता

“धूळ हाय बाई, दुसरं काही न्हाई,” गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणलेली गाडी गॅरेजसमोर लावत महिपती म्हणाला. “रात्रीची ओल धरती, सकाळी जरा कुरकुरती. दोन-चार ब्रेक मारले की थांबंल.”

शेजारी बसलेल्या कुसुमताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “चार दिवस किंचाळतेय. ओल काय आमच्याच गाडीत मुक्कामाला आलीय?”

“माझ्या कानावर भरवसा न्हाई का?”

“आहे, म्हणून तर दुसरीकडे गेले नाही. नातीला सिंहगड दाखवायचाय. घाट आहे, म्हणून विचारलं.”

“बिनघोर जावा.”

मागच्या सीटवर त्यांची सात वर्षांची नात होती, तनया. गाडी फिरवताना तिने दोन्ही कानांत बोटं घातली होती. पोरीचा खेळ म्हणून महिपती आरशात बघून हसला होता.

नारायण पेठेतल्या त्या अरुंद गॅरेजात चौतीस वर्षं लोक येत होते ते त्याच्या कानासाठी. चाक न उघडता तो दुखणं सांगायचा. खडा अडकला की खरखर. लोखंड लोखंडाला भिडलं की गुरगुर. आणि त्याच्या कितीतरी आधी सुईसारखी बारीक किंचाळी. ब्रेकचं पॅड झिजलं की त्यावरची पत्र्याची पट्टी चाकाच्या डिस्कला टेकते आणि सांगते, बाबा, माझं सरत आलंय. ती किंचाळी दोन गल्ल्यांपलीकडून त्याला कळायची. चाक उघडून बघणं त्याला कमीपणाचं वाटे.

गाडी गेली आणि थोड्याच वेळात त्याची बायको राधा डबा घेऊन आली.

“अवं, ती लाल गाडी आपल्याकडनंच गेली का? बाई चालवत हुत्या.”

“व्हय. का?”

“चौकात ब्रेक मारला तर कसली किंचाळली. माणसं वळून बघाया लागली. तुम्ही दुरुस्त न्हाई केली?”

महिपतीच्या हातातला पाना तसाच राहिला. कानांत बोटं घातलेली पोर त्याला दिसली.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना बाई फोन घेत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तरी लावत राहिला. मग कपाटातून पॅडचा जोड काढला, जॅक आणि पाने पिशवीत कोंबले, स्कूटरला किक मारली.

“मी बी येते,” राधा म्हणाली आणि मागे बसली.

रविवार होता. सिंहगड रस्ता गाड्यांनी तुंबला होता. फटीफटीतून स्कूटर काढत तो प्रत्येक लाल गाडीत डोकावत होता. ही नव्हे. ही नव्हे. वर जाताना काही होणार नाही, उतरताना होईल. उतारावर बाई ब्रेकवर पाय ठेवूनच बसतील, डिस्क तापेल, आणि एका वळणावर कितीही दाबलं तरी गाडी थांबणार नाही. मागे ती पोर.

खडकवासल्याचं पाणी डाव्या-उजव्या कुठल्या हाताला गेलं, त्याला कळलं नाही.

“राधे,” मान न वळवता तो म्हणाला, “आपल्याकडं चिमण्या हायेत का गं अजून?”

“हायेत की. पहाटपास्नं डोकं उठवत्यात.”

दोन वर्षं तो सगळ्यांना सांगत होता, पेठेतून चिमण्या गेल्या म्हणून.

राधाने मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

घाटाखालच्या नाक्यावर गाड्यांची रांग होती. लाल गाडी पुढून तिसरी. महिपती स्कूटर टाकून धावला आणि काचेवर तळवा आपटला.

“उतरा बाई. पोरीला उतरवा.”

रस्त्याच्या कडेला त्याने चाक काढलं. पॅड नखाएवढं उरलं होतं, पट्टी घासून चकाकत होती. कुसुमताई वाकून बघत राहिल्या.

“सकाळी धूळ म्हणाला होतात.”

खोटं तयार होतं. वाटेत खडा अडकला असेल, म्हणता आलं असतं. महिपती पॅड हातात धरून उकिडवा बसून राहिला.

“मला ऐकाय आलं न्हाई, बाई. बारीक आवाज आता येतच न्हाई मला.”

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. तो मात्र त्याला ऐकू आला.

“फोन करायचा होता,” कुसुमताई हळू आवाजात म्हणाल्या.

“केला. अकरा वेळा.”

त्यांनी पर्समधला फोन काढून पाहिला आणि परत ठेवला. मग तनयाला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या, बराच वेळ.

दोन्ही बाजूंची नवी पॅडं बसली. “आज घाट नको. नवं पॅड डिस्कवर बसाया वेळ लागतो, चार दिवस जोरात दाबू नका,” तो म्हणाला. “आणि हितनं पुढं दुसरीकडं दाखवत जावा.”

कुसुमताईंनी नुसती किल्ली पुढे केली. “आधी ही बघून द्या.”

महिपती गाडीत बसला. शेजारचं दार उघडून त्याने राधाला बोलावलं. एवढ्या वर्षांत ती गिऱ्हाइकाच्या गाडीत कधी बसली नव्हती. पदर सावरून बसली.

“काच खाली घे,” तो म्हणाला.

गाडी परतीच्या रस्त्यावर हळूहळू उताराला लागली. त्याने ब्रेक दाबला.

“काय येतंय?”

“काई न्हाई.”

“नीट ऐक. बारीक, सुईवानी.”

राधाने कानावरचे केस मागे सारले आणि डोळे मिटले. महिपतीने पुन्हा ब्रेक दाबला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.