बसावं की उठावं

माग विकला गेला. मागाखालचा खड्डा विकता आला नाही. शहापुरातल्या ज्या ओसरीत टिकारामच्या बापाने लुगडी विणली आणि टिकारामनेही अर्धं आयुष्य काढलं, तिथे आता जमिनीत कमरेइतकी एक पोकळी उरली होती. गुरुवारी संध्याकाळी तिच्या काठावर बसून, पाय आत सोडून, टिकाराम पेपर वाचत असे. आत पायाने दाबायच्या मागाच्या पावड्या नव्हत्या, तरी वाचता वाचता त्याचे पाय आलटून पालटून खाली दाबले जात. त्याला ते कळत नसे. समोर बसलेल्या बायकांना कळे, आणि त्या नजर फिरवत.

त्या सगळ्या बिड्या वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात जर्द्याची तपकिरी रास, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची कापलेली पानं. टिकारामची बायको शकुनबाई, शेजारची पुष्पाबाई, आणि जरा मागे, खांबाला टेकून, सून चंद्रकांता. बोटं पानात जर्दा भरत, पान गुंडाळत, टोक मुडपत, धागा बांधत. या कामाला डोळे थोडे लागत आणि कान मुळीच लागत नसत. त्या रिकाम्या कानांत टिकाराम 'पूर्वतीर' ओतत असे. भंडाऱ्याहून निघणारं ते चार पानी साप्ताहिक. पोथीपेक्षाही त्याचा भरवसा या चार पानांवर अधिक होता. पोथी गेलेल्या माणसांनी लिहिलेली; पेपर मात्र जिल्ह्याने मिळून लिहिलेला असतो, आणि इतके लोक मिळून बोलू लागले की शेवटी काहीतरी ठरतंच, असं तो मानत असे. पंचायतीत ठरतं तसं. पेपर ही त्याला एक मोठी, न दिसणारी पंचायत वाटे.

श्रावणात त्या पंचायतीत बिडीचा विषय निघाला. लाखांदूरचे शिक्षक लक्ष्मणराव यांनी पत्रातून विचारलं होतं: सिगारेटच्या पाकिटावर सरकारने इशारा छापायला लावला, मग बिडीच्या कट्ट्यावर का नाही? गरिबाच्या छातीला इशाऱ्याची गरज नसते काय? पुढच्या अंकात 'एक हितचिंतक' या नावाने उत्तर आलं: गुरुजींना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, म्हणून त्यांना धूर दिसतो; आम्हांला त्या धुराखालची चूल दिसते. आंबागडच्या कोणी लिहिलं की तेंदूचं पान तोडून आमच्या गावाचा उन्हाळा निभतो, त्या पानाला नावं ठेवू नयेत. एका निवृत्त कारकुनाने तंबाखू फिरंग्यांनी आणली असं सिद्ध करून साऱ्या बिडीवाल्यांना परकीयांचे हस्तक ठरवलं; त्यावर दुसऱ्याने पान स्वदेशी असल्याचं निदर्शनास आणून निम्मी बिडी निर्दोष सोडवली.

"आन् आपली बोटं?" पुष्पाबाईने विचारलं. "ते देशी का इलायती?"

बायका हसल्या. टिकाराम हसला नाही. वाचन चालू असताना हसणं त्याला आवडत नसे.

मग लक्ष्मणरावांचं दुसरं पत्र आलं. नागपुरात एका डॉक्टरांचं भाषण त्यांनी ऐकलं होतं. दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या गर्भाला या भुकटीपासून धोका संभवतो, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. टिकारामचा आवाज ओळीच्या शेवटाकडे येताना बारीक झाला. शकुनबाईची बोटं थांबली.

"तेवढं पुन्हा वाचा जी."

त्याने पुन्हा वाचलं. कोणी चंद्रकांताकडे पाहिलं नाही, आणि न पाहण्याच्या त्या एकजुटीतच सगळं सांगून झालं. तिला तिसरा महिना होता. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोनदा गळून गेलं होतं. पहिल्या वेळी लोकांनी विहिरीचं पाणी ओढण्याला दोष दिला, दुसऱ्या वेळी कोणाच्या तरी नजरेला. सुपाकडे बोट दाखवायचं कोणाला सुचलं नव्हतं. सूप म्हणजे घराचा खांबच. आपणच उभा केलेला खांब अंगावर येईल असं कोणाच्या मनात येतं?

चंद्रकांताने हातातली बिडी बांधून संपवली. मग म्हणाली, "मामाजी, मंग मी उठू का?"

प्रश्न एवढासाच होता. पण बिडीकामाचं कार्ड तिच्या नावावर होतं. ठेकेदार मोतीलाल त्या कार्डावर पान आणि जर्दा देई, आणि ठरलेल्या बिड्या आल्या नाहीत की तेच कार्ड दुसऱ्या घराला देई. शकुनबाईची बोटं आखडली होती; तिच्या बिड्यांतल्या निम्म्या तपासणीत छाटल्या जात. मुलगा सेवकराम तुमसरपलीकडच्या खाणीवर रोजंदारीला होता. येई तेव्हा सोबत पैशांपेक्षा खोकला जास्त असे. सून उठली तर घर बसणार होतं.

टिकारामने पेपरची घडी घातली. दुसऱ्या दिवशी त्याने कोरा कागद आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा संपादकांना पत्र लिहिलं: माझी सून गर्भार आहे. ती बिडीच्या कामावर बसते. याआधी दोन लेकरं टिकली नाहीत. तिने बसावं की उठावं, हे जाणकारांनी विचार करून कळवावं. आम्ही तसं करू.

पत्र छापून आलं. वर जाड अक्षरांत मथळा होता: 'एका सासऱ्याचा सवाल'. शेवटचं वाक्य, आम्ही तसं करू, गाळलं होतं. जागा पुरली नसेल. टिकारामने पेपर साऱ्या आळीत फिरवला. आता ठरेल, तो म्हणाला. शहाणी माणसं आहेत, त्यांच्यापुढे गोष्ट ठेवली आहे, आता ठरल्याशिवाय राहणार नाही.

आणि जिल्हा बोलू लागला.

लक्ष्मणरावांनी लिहिलं: शहापूरची ती सून म्हणजे आपल्या साऱ्या जिल्ह्याची व्यथा आहे, तिच्या उदरात उद्याची पिढी गुदमरते आहे. पत्र इतकं सुंदर होतं की टिकारामने ते दोनदा वाचून दाखवलं. त्या आठवड्यात शकुनबाईने सुनेला सुपावरून उठवलं आणि स्वतः दिवा लागेपर्यंत बसली. पुढच्या गुरुवारी हितचिंतकाचं पत्र आलं: शहापूरची सून आज उठेल, पण पोटातल्या लेकराला उद्या गुरुजींचा लेख भरवणार आहात काय? तेही टिकारामला खरं वाटलं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. चंद्रकांता पुन्हा बसली. मग एका वैद्यांनी नाकातोंडाला फडकं बांधून काम करण्याचा सल्ला दिला. तिने बांधलं, दुपारच्या उकाड्यात श्वास कोंडून तिला भोवळ आली, आणि फडकं सुटलं. मग कोणी युनियनवाल्याने लिहिलं की खरा प्रश्न तंबाखूचा नसून मजुरीचा आहे. मग कोणी लिहिलं की खरा प्रश्न स्त्रीशिक्षणाचा आहे.

खरे प्रश्न वाढत गेले, आणि चंद्रकांताचं पोटही.

"काय वो चंद्रकांता," पुष्पाबाई अंगणातूनच ओरडे, "या हप्त्यात बसाचं हाय का उठाचं?"

"पेपर याचा हाय अजून, काकू."

"पाह्यजो बापा. तुह्या लेकराले जनमाले येतानाई पेपरची परवानगी लागन."

चंद्रकांता हसे. पण एकदा, पानं कापता कापता, ती शकुनबाईला म्हणाली, "आत्याबाई, एवढे लोक माह्याबद्दल लिहून राहिले. माहं नाव तं कोनीच नाई पुसलं." शकुनबाईने कात्री बाजूला ठेवली, सुनेच्या केसांवरची जर्द्याची धूळ पदराने झटकली, आणि पुन्हा कात्री उचलली.

मोतीलाल पान घेऊन आला तेव्हा त्याने ओसरीत पायही ठेवला नाही. माणूस वाईट नव्हता. वरून त्यालाही कोणी दटावत असे. "टिकारामजी, पेपर मीबी वाचतो," तो म्हणाला. "मास्तर सही बोलते. पन माह्याकडे रोज चार बाया येते कार्ड मागाले. बसाचं तं बसा, उठाचं तं उठा. हे एक हप्ता आत, एक हप्ता बाहेर, असं नाई चालत ना जी. तेंदूपत्ता सुकून जाते."

"दोन गुरुवार थांबा," टिकाराम म्हणाला. "आता निकाल येतेच."

धान कापून झालं. भाताच्या बांध्यांत नुसती खुंटं उरली, आणि सकाळच्या धुक्यात ती दाढी वाढलेल्या आजाऱ्यासारखी दिसू लागली. चंद्रकांताला सातवा लागला होता. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रक्त कमी असल्याचं सांगून लाल गोळ्या दिल्या होत्या. तंबाखूचं विचारलं तर त्या म्हणाल्या, तुमच्या गावात कोणती बाई बिडीवर बसत नाही? त्या गुरुवारी महामार्गावरच्या पानठेल्यावरून टिकारामने पेपर आणला, खड्ड्याच्या काठावर बसला, आणि उघडला. पत्रांच्या जागी एकही पत्र नव्हतं. चौकटीत दोन ओळी होत्या: 'बिडी व तंबाखू या विषयावरील पत्रव्यवहार आता पुरेसा झाला असून तो या अंकापासून बंद करण्यात येत आहे. वाचकांच्या उदंड प्रतिसादाबद्दल आभार. संपादक.' खाली नव्या चर्चेचं निमंत्रण होतं: लग्नात लाउडस्पीकर असावा की नसावा?

त्याने चारही पानं उलटून पाहिली. निकाल कुठेतरी आत, बाजारभावांच्या शेजारी, बारीक अक्षरांत असेल.

"काय आलं?" शकुनबाईने विचारलं.

"उद्या भंडाऱ्याले जातो," तो म्हणाला.

'पूर्वतीर'चं कार्यालय म्हणजे एका छापखान्याची पुढची खोली. संपादक पुंडलिकराव प्रुफं तपासत होते. सभ्य, थकलेला माणूस. दोन बोटांमध्ये बिडी, जळायची विसरलेली. टिकारामने नाव सांगितलं, तशी त्यांनी खुर्ची पुढे केली.

"अरे वा, शहापूरचे टिकारामजी! तुमच्या पत्रानं तर चर्चा पेटवली हो. इतकी पत्रं आमच्याकडे कधीच आली नव्हती."

"हो जी. पन निकाल नाई आला."

"निकाल?"

"बसाचं का उठाचं त्याचा. तुमी बंद केलं ना आता. बंद केलं म्हनजे ठरलं असन."

पुंडलिकरावांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "टिकारामजी, पेपर निकाल देत नसतो," ते हळूच म्हणाले. "पेपर दोन्ही बाजू मांडतो. मग ज्याचं त्यानं ठरवायचं."

"दोनी बाजू तं आमाले घरातच होत्या साहेब. मंग छापता कायले?"

  पुंडलिकरावांनी कपाटावरचा पत्रांचा गठ्ठा खाली काढला, टेबलावर ठेवला, वरची दोन-तीन चाळली, जणू त्यांत काही राहून गेलं असेल.

"यातल्या कोनी तिले उत्तर देल्लं का?" टिकारामने विचारलं. "तिले म्हनजे... सुनेले?"

"नाही," पुंडलिकराव म्हणाले. "सगळ्यांनी एकमेकांना दिलं."

त्यांनी गठ्ठा पुन्हा बांधला आणि विचारलं, "चहा घेता?" आणि टिकारामने घेतला, कारण नको म्हणण्याइतकंही काही त्याच्या मनात उरलं नव्हतं. निघताना संपादक दारापर्यंत आले. मी तुमच्या जागी असतो तर, असं त्यांनी सुरू केलं, आणि वाक्य तिथेच राहिलं. बहुधा ते खरोखरच त्या जागी जाऊन पाहत होते, आणि तिथे उभं राहायला त्यांनाही जमीन सापडत नव्हती.

एसटीच्या खिडकीतून उतरतं ऊन त्याच्या मांडीवर पडत होतं. कोणाचा तरी राग यावा असं त्याला वाटत होतं. लक्ष्मणरावांचा यावा, तर ते चुकले नव्हते. हितचिंतकाचा यावा, तर तोही नव्हता. मोतीलालचा, पुंडलिकरावांचा, कोणाचाच धड येत नव्हता. सारे आपापल्या जागी खरे होते, आणि त्या खरेपणांच्या मधोमध एक बाई सूप घेऊन बसली होती.

तो ओसरीत आला तेव्हा पुष्पाबाई घरी गेली होती. शकुनबाई आत चुलीजवळ होती. चंद्रकांता एकटी, बांधलेले कट्टे रचत होती. तिने लोटा पुढे केला. तो पाणी पिईपर्यंत थांबली.

"काय म्हनले जी, मामाजी?"

"बंद केलं त्यायनं."

"काय बंद केलं?"

"बोलनं."

तिने मान हलवली, जणू एखाद्या दूरच्या नात्यातलं कोणी गेल्याची बातमी असावी. मग, पहिल्यांदाच, तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मंग तुमी सांगा. तुमाले काय वाटते? तुमी म्हनान तसं करतो मी."

इतकी वर्षं त्याने या ओसरीत दुसऱ्यांची वाक्यं आपल्या आवाजात वाचली होती. आता त्याने आपलं वाक्य शोधलं. उठ म्हणावं, तर मोतीलालचा हात कार्डावर होता आणि घरातल्या डब्याचा तळ त्याला ठाऊक होता. बस म्हणावं, तर त्या दोन लेकरांना नावंही नव्हती. गुरुजींचं पत्र आठवलं, हितचिंतकाचं आठवलं, ओळीच्या ओळी, स्वल्पविरामासकट. त्याचं स्वतःचं काहीच आठवलं नाही. आत चुलीत लाकूड तडकलं. चंद्रकांता वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. नुसता एक मोठा, भोळा भरवसा होता. तो त्याच्या ओळखीचा होता, गुरुवारी पेपर उघडतानाचा, आणि त्या भरवशाकडे त्याला पाहवेना.

"थोडं थोडं कर," टिकाराम म्हणाला.

"बरं जी."

थोडं म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही. मोतीलाल थोडं घेत नसे, हे दोघांनाही माहीत होतं. तिने सूप ओढलं. ते आता मांडीवर नीट बसेना. पोटाने जागा घेतली होती. म्हणून तिने ते गुडघ्यांवर टेकवलं, त्याच्यापर्यंत हात पोचावेत म्हणून जरा पुढे वाकली, आणि फडक्यातून पान उचललं.