धोंडीराम अण्णांचा तिसरा हात

केज तालुक्यात कुठंही सत्कार असला, की फेटे बांधायला धोंडीराम अण्णांना बोलावणं जायचं. नवे तहसीलदार असोत, निवडून आलेला पुढारी असो, नाहीतर बारावीत पहिली आलेली पोरगी. त्या डोक्याचा ताबा घटकाभर अण्णांकडं असे. माणसाची लायकी काही का असेना, फेट्याखाली तो शोभून दिसायचा. अशी बरीच डोकी अण्णांनी सावरली होती.

पोळा झाला आणि अण्णांना लकवा आला. पाय महिनाभरात चालता झाला. बोलणं तर एक दिवसही बंद पडलं नाही. उजवा हात मात्र रुसलेल्या जावयासारखा मांडीवर पडून राहिला.

घराला त्याची अडचण वाटली नाही, कारण मालकाला हात हलवू द्यायचा नाही ही रीत तिथं लकव्याच्या आधीपासून होती. बायको वच्छलाबाई घास भरवत. थोरला मुलगा हनुमान सदऱ्याच्या गुंड्या लावी. अण्णा सरपंच होते तेव्हापासूनचा बंकट नावाचा जुना कार्यकर्ता नाकावरची माशी उडवायला बसलेला असे आणि ते काम तो तालुका पातळीवरचं समजे.

अशा घरात नेकनूरची सत्यशीला आली. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारानं अडलेल्या माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत, हे बघायचं तिचं शिक्षण. डिग्री घेऊन बीडला नोकरीही करून झाली होती. ती सोडून बाई मोठ्या शहरात पुन्हा कॉलेजात बसली होती आणि पुढच्या डिग्रीच्या प्रबंधासाठी आपल्याच जिल्ह्यातले लकव्याचे पेशंट बघत फिरत होती.

"एकदा शिकून झालं न्हाई का तुझं?" अण्णांनी विचारलं. "पुन्हा कावून?"

"नोकरीत काय काय येत न्हाई ते कळलं, अण्णा. म्हणून."

अण्णा चपापले. काय येत नाही हे कळल्यावर माणूस शिकायला जातो, ही माहिती त्यांना नवीन होती. त्यांच्या ओळखीतली माणसं अशा वेळी निवडणुकीला उभी राहत.

बंकटला वाटलं, ही मालिशवाली. त्यानं तेल कोमट करून आणलं. सत्यशीलानं तेलाकडं बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "अण्णा, तुमाला काय करायचंय?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे, काय करायचं नाही तेच सांगून जात.

"फेटा बांधायचाय," अण्णा म्हणाले, आणि आपणच ओशाळले.

हाताच्या व्यायामासाठी तिनं भोकांची एक पाटी बाहेर काढली होती, त्यात लाकडी खुंट्या बसवायच्या असत. तिनं ती पाटी परत पिशवीत टाकली. दुसऱ्या खेपेला ती फेट्याचं कापड घेऊन आली आणि आधी स्वतःच बांधायला शिकली. अण्णा नुसत्या तोंडानं शिकवत होते, म्हणजे शिव्या देत होते. "अगं, फेटा हाय का टोपलं?" ती उसवायची, पुन्हा बांधायची. फेटा जमायला लागल्यावर तिनं त्या कामाचे तुकडे पाडले. आधी उजव्या हातानं नुसतं टोक दाबून धरायचं. मग चुणी. मग पीळ. हाताला एका वेळी एकच काम, तेही त्याला पेलेल एवढंच. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ती नेमानं यायची. अण्णांचा अंगठा पहिल्यांदा कापडावर टेकला तेव्हा ती अशी हसली, की वच्छलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

घरासाठी तिची एकच अट होती. अण्णांच्या कामात कुणी हात घालायचा नाही. घरानं मान डोलावली. त्या घरानं आजवर प्रत्येक सरकारी योजनेपुढं मान डोलावली होती.

मग परीक्षेचा दिवस आला. अण्णांनी बंकटच्या डोक्यावर फेटा बांधायचा, मोबाइल स्टँडवर लावून त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तो कॉलेजातल्या दुसऱ्याच कुणी तपासायचा. शिकवणारीनं समोर बसायचं नाही, असा नियम. सत्यशीला बाहेर ओट्यावर बसली. घटकाभरानं बंकट बाहेर आला, तो डोक्यावर तुरा उडवत. सत्यशीलाचे डोळे भरून आले.

जाताना जीपमध्ये तिनं व्हिडिओ बघितला. अण्णांना दोन हात, त्यातला एक आजारी. व्हिडिओत तीन दिसत होते. तिसरा खालून, फेट्याच्या पोटातून वर आला होता, आणि त्याच्या बोटात बंकटची अंगठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. चहा घेतला नाही. मोबाइल अण्णांपुढं धरला.

"अण्णा, ह्यो हात कुणाचा?"

"कार्यकर्त्याचा," अण्णा म्हणाले. "आन् त्यात काय झालं? तुलाच पास व्हायचंय ना? आमी तुझंच भलं केलं."

"मी पास हून तुमचा हात बरा व्हणार हाय का?"

बंकट मध्ये पडला, "ताई, शहरातल्या मान्सांना काय कळतंय? एवढ्याशा मोबाइलात कोण हात मोजतंय?"

"गप बे," अण्णा म्हणाले. व्हिडिओ त्यांनीही नीट बघितला होता.

सत्यशीलाचा आवाज चढला नाही. "मी हे खरं म्हणून लिवलं, तर उद्या दुसरी थेरपिस्ट ते वाचून एखाद्या म्हातारीला सांगंल, दोन महिन्यांत फेट्याएवढं काम जमतंय. तिला न्हाई जमलं की ती म्हणंल, माझ्यातच खोट हाय. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तुमाला अभ्यासातून काढते. एक पेशंट कमी पडला की माझे सहा महिने जातील. जाऊ द्या."

काढते! सरपंचपदावरून काढायला अविश्वास ठराव आला होता, तोही अण्णांनी हाणून पाडला होता. पण अण्णांना लागलं ते वेगळंच. ही पोरगी सहा महिने घालवायला निघाली होती, ती कुण्या अनोळखी म्हातारीसाठी. त्या म्हातारीचं इथल्या मतदार यादीत नावसुद्धा नसेल.

"आत्ता पुन्हा घेतली परीक्षा, तर चालंल का?"

"चालंल. पर न्हाई जमलं तर तसंच लिवीन. आन् व्हिडिओ सगळे बघतील."

अण्णांनी उजव्या हाताकडं बघितलं. तालुक्यात नाव होतं ते ह्या हाताचं. शहरातल्या परक्या माणसांपुढं तो उघडा पडणार होता.

"समदे भायेर व्हा," ते म्हणाले. "बंकट, तू तर पार रस्त्यावर जा."

"मग डोकं कुणाचं?" हनुमाननं विचारलं.

पुढं सरल्या वच्छलाबाई. "माझं घ्या. इतकी वर्षं तालुक्याला बांधले. घरच्या डोक्याला कदी बांधला का?" त्या पाटावर बसल्या आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

सत्यशीलानं मोबाइल लावला आणि ती ओट्यावर गेली. आतून बराच वेळ फक्त कापडाची सळसळ येत होती. टोक निसटलं, पुन्हा धरलं. चुणी पडली आणि मोडली. एकदा वच्छलाबाईंचा आवाज आला, "आवो, डोळा झाकला माझा," आणि त्यावर अण्णांचा, "झाकू दे. हात काढू नको." शेवटी आतून हाक आली. वच्छलाबाईंच्या डोक्यावर एक गाठोडं होतं. ते उजव्या कानावरून उतरत होतं. पण त्याचं टोक अण्णांच्या उजव्या अंगठ्याखाली होतं, आणि तो अंगठा थरथरत असला तरी सुटला नव्हता.

"नापास?" अण्णांनी विचारलं.

"हो, अण्णा."

"लिव."

तिनं लिहिलं. ज्या घरात माणसाला फार मान असतो तिथं त्याचा हात उशिरा बरा होतो, हेही तिनं प्रबंधात नेटक्या शास्त्रीय भाषेत घातलं. काही महिन्यांनी तिचा फोन आला. ती पास झाली होती. परीक्षकांनी सगळ्यांत जास्त प्रश्न अण्णांवरच विचारले होते, आणि आता ती बीडलाच काम सुरू करणार होती.

त्या आठवड्यात अण्णा केजच्या बाजारात गेले, ते मुद्दाम चार माणसं बसलेली बघून थांबायला.

"त्या पोरीच्या प्रबंधात बाकी समदे पास हायेत," ते सांगत सुटले. "नापास एकटा मी. पर खरा!"