विहारामागची खोली

मुखेडची एसटी लातूरच्या स्थानकात लागली तशी सरजाबाई दारापाशी गेली. उतरणाऱ्यांतली कोणती माणसं आता गावी परतणार नाहीत, हे तिला त्यांच्या बोचक्यांवरून कळे.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. गावात काम नव्हतं. इथे नव्या सरकारी इमारती उठत होत्या, त्यांवरच सरजाबाई बिगारी होती. सुट्टीच्या दिवशी ती स्थानकावर येई, आलेल्यांना बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या खोलीत नेई आणि सकाळी मुकादमापुढे उभं करी. आठ वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत तिची वस्ती जळाली आणि गाव सुटलं, तेव्हा ती याच स्थानकावर तीन दिवस बसून होती. कुणी विचारलं नव्हतं. पुढे विहारात वंदनेला बसली की तिला ते तीन दिवस आठवत. नुसते हात जोडून उठून जाणं तिला जमेना.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी उतरला तो तिच्याच गावचा रामकिशन. सोबत म्हातारी आई केवळाबाई आणि पोटुशी बायको.

वस्ती पेटली तेव्हा सरजाबाई घागर घेऊन रामकिशनच्याच विहिरीवर धावली होती. त्यानं तिला हुसकून लावलं. तिचा नवरा नरसिंग घरातलं धान्य बाहेर काढताना भाजला आणि महिन्याभरानं दवाखान्यातच वारला.

रामकिशननं तिला ओळखलं आणि मान खाली घातली. केवळाबाईला धड दिसत नव्हतं. समोर कुणी बाई उभी आहे एवढं तिला जाणवलं.

"कोन हाईस गं तू?"

"तुमच्या गावचीच," सरजाबाई म्हणाली. मग तिनं म्हातारीचं बोचकं काखेत घेतलं आणि चालू लागली.

विहारापाशी पारूबाई आडवी आली. तिचंही घर त्याच दिवशी जळालं होतं. घरटी एकेक पत्रा आणून आपण ही खोली उभी केली, ती जाळणाऱ्यांसाठी नव्हे, असं तिनं रामकिशनच्या तोंडावर सांगितलं. सरजाबाईनं ते खोडून काढलं नाही.

"मग कशापायी आनलंस याला?"

"वंदनेत समद्यांचं सुख मागतो न्हवं आपन, पारू? याला वगळून मला म्हनता येत न्हाई."

पारूबाई त्या दिवशी वंदनेला आली नाही.

दिवस कलला. भाकरी खाऊन केवळाबाई आडवी झाली, तेव्हा रामकिशन बाहेर आला. सरजाबाई ओटा झाडत होती. गावात तो तिला 'सरजे' म्हणे.

"सरजाबाई," तो म्हणाला आणि थांबला. मग सांगू लागला, की त्या दिवशी विहिरीला पाणी होतं, भरपूर होतं, आणि ते आठवलं की अन्न गोड लागत नाही. तो तिच्या पायाशी वाकला, तशी ती मागे सरली.

"खोली माझ्या हातात हाय, ती दिली. उद्या मुकादमाला बी सांगते. पन माफी नरसिंगची हाय. त्याच्या वाटची मी कशी देऊ?"

रामकिशन तिथेच बसून राहिला. तिनं उरलेला ओटा झाडून काढला.

सकाळी मुकादमानं त्याला वाळू भरायला लावलं. बायकांची रांग पुढे सरकली आणि सरजाबाई त्याच्यासमोर आली. त्यानं भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवलं. तिनं ते सावरलं आणि मान न वळवता ती फळीच्या चढणीला लागली.