वाढत्या मापाचा स्केट

मित्रांनो, मी एक जुना स्केट आहे, जोडीतला डावा. उजवा शेजारीच बेसमेंटमधल्या खिळ्याला लटकलाय, पण तो पहिल्यापासून कमी बोलतो. म्हणून दोघांची हकिकत मीच सांगतो.

कारखान्यात माझ्या तळाला पोलादी पातं बसवलं, तेव्हा मला स्वतःच्या रूपाचा जरा गर्वच झाला होता. मग २०१४ च्या थंडीआधी कॅनडातल्या स्कारबरोच्या एका दुकानात दहा वर्षांची केया आली. सोबत तिची आई, प्रमिला. तिथल्या म्हातारबुवांनी केयाचं पाऊल मोजून नेमक्या मापाचा जोड पुढे केला. आईने तो हलकेच बाजूला सारला.

"टू साइझेस बिगर, प्लीज," ती म्हणाली. मग केयाला, "वाढतं अंग आहे बाई. पुढच्या वर्षी फेकून द्यायचे का?"

बर्फावरचा बूट घट्टच लागतो, असं म्हातारबुवांनी परोपरीने सांगितलं. पण आई स्वतः तशीच वाढली होती: फ्रॉकला आतून चार बोटं दुमड, बुटाच्या टोकात कापसाचा बोळा. तिच्या मायेचं मापच दोन नंबर मोठं. आम्ही घरी आलो.

पहिले दोन हिवाळे केया माझ्या टोकात बोळा कोंबून, तीन-तीन मोजे चढवून माझ्यात उभी राहायची. तिचा घोटा मी घट्ट धरायला हवा होता. मला तो धरताच येत नव्हता. वळताना ती पडली की लोक हळहळायचे. चूक माझी असायची. तिचा पहिला गोलसुद्धा तिने पडूनच केला: पोटावर घसरत गेली आणि जाता जाता आइस हॉकीची रबरी चकती जाळ्यात ढकलली.

तिसऱ्या हिवाळ्यात बोळा निघाला, मोजा एकच उरला, आणि मी तिला बसलो. तिने मनात आणावं आणि मी वळावं. कोच आईला म्हणाले, "ही मुलगी इतके दिवस कुठे लपली होती?" कुठे म्हणजे? माझ्याच आत.

त्याच वर्षी मराठी मंडळात आईने चारचौघींना सांगितलं, "तिसरं वर्ष, आणि अजून नव्यासारखे. मी म्हणालेच होते." केया तिथेच ताट घेऊन उभी होती.

चौथ्या हिवाळ्यात पाऊल वाढलं, मी वाढलो नाही. तिचा अंगठा माझ्या टोकावर आपटून काळा पडला.

"बसतात ना गं?" आई दारातून विचारायची.

"येस, दे'र फाइन."

आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये शहरातल्या मुलींच्या सगळ्यात वरच्या संघाची निवड आली. चार वर्षं ती याच संघासाठी पहाटे उठली होती. शेवटच्या फेरीत चकती तिच्यासमोर आली. तिने पायावर जोर दिला, पाय कळवळला, आणि ती अर्धा क्षण मागे पडली. तेवढ्यात दुसरी मुलगी पोहोचली. यादीत केयाचं नाव नव्हतं.

वॉशरूममध्ये आईने खाली बसून माझी नाडी सोडली. मोजा रक्ताने चिकटला होता. त्याच्याबरोबर नखही आलं.

"कधीपासून?"

"सिन्स नोव्हेंबर."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"यू वेअर सो प्राउड ऑफ देम, आई."

आई ते पाऊल मांडीवर घेऊन बसून राहिली. मी फरशीवर आडवा पडलो होतो.

पुढच्याच आठवड्यात नेमक्या मापाचे स्केट आले. केया खालच्या संघात खेळते, छान खेळते. वरच्या संघातली ती जागा मात्र ज्या मुलीला गेली, तिचीच राहिली. आता रविवारी केया लहान मुलींना शिकवते म्हणे. बर्फावर सोडण्याआधी एकेकीच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबते आणि म्हणते, "टेल मी द ट्रुथ."

वर्षातून एकदा आई मला खाली काढते, पात्यावरचा गंज पुसते. मग माझं टोक अंगठ्याने दाबून बघते. आत आता कोणी नसतं.

मित्रांनो, आम्हाला जपा, असं मी म्हणणार नाही. मला फारच जपलं, पायापेक्षा जास्त जपलं. माझं मागणं एवढंच: टोचत असेल, तर त्याच दिवशी सांगा. समोरचं माणूस कितीही आनंदात असलं तरी सांगा. तुमच्या तोंडून 'फाइन' ऐकून मागाहून खरं कळण्यापेक्षा ते ऐकणं त्याला कमी दुखेल.