सतरा बिऱ्हाडांचा अंधार

फ्यूजकाका पेशाने वायरमन, म्हणजे लोकांच्या घरात उजेड करायचा यावर त्यांचं पोट. आणि तेच फ्यूजकाका गेले तीन आठवडे दारोदार फिरून लोकांना अंधार करा म्हणून विनवत होते. इमारतीत सतरा बिऱ्हाडं. सगळ्यांनी शनिवारी आठ ते नऊ दिवे बंद ठेवायचे. पृथ्वीचं तापणं तेवढ्याने थांबणार नव्हतं, पण आपण तिच्या बाजूचे आहोत हे तरी तिला कळेल.

"पृथ्वीला आपली इमारत दिसते का हो?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं.

"दिसत नसेल तर आपण कमी पडतोय," काका गंभीरपणे म्हणाले. त्यांनी वहीत बाईंच्या नावापुढे खूण केली.

मूळ कल्पना त्यांच्या मुलीची. ती सोळा वर्षांची होती आणि गेल्या दोन वर्षांत बापाशी "चार्जर कुठाय?" यापेक्षा लांब वाक्य बोलली नव्हती. एक दिवस आपणहून म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर एक काम करशील?" काय काम, हे काकांनी विचारलंच नाही. हो म्हणून मोकळे झाले. बर्फ वितळू नये असं त्यांनाही वाटत होतं, पण मुलगी पुन्हा गोठू नये असं जास्त वाटत होतं.

मग दोघांनी मिळून जिने झिजवले. घरी आठवडाभर सराव म्हणून अंधारात जेवणं झाली. एकदा बायकोने अंदाजाने चहात मीठ घातलं. काकांनी तो "फक्कड झालाय" म्हणत प्यायला. त्या एका तासात मुलीच्या शेजारी काही न बोलता बसायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

शनिवारी संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, समोरच्या गच्चीवरून फोटो तूच काढ. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

दुसऱ्या कुणाला जमणार नाही! काका शेजारी बसायचं विसरले आणि तरंगतच समोरच्या इमारतीचे चार मजले चढले.

आठ वाजले. एकेक खिडकी मिटत गेली. पहिल्या मजल्यावरचे बँकवाले मिटले, शिंपीणबाई मिटल्या. सोळा घरं काळीकुट्ट. सतरावं लख्ख. ते त्यांचं स्वतःचं होतं.

मुलगी दिवे घालवायला विसरली असेल, असं त्यांनी आधी स्वतःला सांगितलं. दहा मिनिटं झाली तरी दिवे जाईनात, तेव्हा नीट पाहिलं. आत अख्खी इमारत बसली होती. त्यांच्या खुर्चीत शिंपीणबाई, पलंगावर ओळीने बँकवाले सहकुटुंब, जमिनीवर कॅरम, चारी पंखे गरगर. बायको चहाचा ट्रे फिरवत होती. आणि मधोमध स्टुलावर उभी राहून मुलगी एक बोट वर करून काहीतरी सांगत होती. दुसरा हात कमरेवर. ती उभं राहायची ढब काकांनी ओळखली, कारण ती त्यांचीच होती. लोक हसून हसून लोळत होते.

काका परत आले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आपल्याच घरात शिरायला त्यांना वाट काढावी लागली.

"बाबा! इतक्यात? फोटो झाला?" मुलगी स्टुलावरून उतरली.

"हे काय चाललंय?"

"घरोघरी अंधारात बसवलं असतं, तर सगळ्यांनी पडदे ओढून टीव्ही बघितला असता. म्हटलं, सगळे एकाच घरात बसू. सोळा तर खरोखर बंद आहेत ना?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिथेच तर घोडं अडलं होतं.

"मग मला का नाही सांगितलं?"

कॅरमची सोंगटी जागीच थांबली. शेवटी शिंपीणबाई म्हणाल्या, "तुम्ही भाषण केलं असतं हो, फ्यूजकाका." सगळे हसले. प्रेमानेच हसले, म्हणून तर जास्त झोंबलं.

"कधी ठरवलं हे?"

बायकोने ट्रेकडे बघितलं. "अहो, चहा घ्या ना."

"सोमवारी," मुलगी म्हणाली.

सोमवारी ती दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या शेजारी उभी होती, त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत.

काका खाली उतरले, जिन्याखालची मीटरची पेटी उघडली आणि स्वतःच्या घराचा मेन स्विच खाली ओढला.

वरून एक मोठा "ओऽऽ" आला, मग हशा. त्यावर मुलीचा आवाज: "घाबरू नका, बाबाच असणार! मी जाते खाली, समजूत काढते."

काका स्विचवर हात ठेवून उभे राहिले. समजूत घालून घ्यायची त्यांची पूर्ण तयारी होती. फार ताणायचं नाही, दोन वाक्यांत विरघळायचं, असंही ठरवून टाकलं.

जिन्यावर पावलं वाजली. बँकवाले. "छान झाला हो कार्यक्रम," म्हणत ते पानाच्या टपरीकडे गेले. पुन्हा पावलं. शिंपीणबाईंचा नवरा. तोही म्हणाला, "छान झाला." वर कुणीतरी मेणबत्ती लावली असावी, कारण कॅरम पुन्हा सुरू झाला होता.

नऊला सोळा घरं उजळली. काका अजून पेटीपाशीच होते. प्रत्येक पावलाला मान वर करत होते.