दोन हातांची भाषा

बाईंचा उजवा हात फळ्यापुढे, वाक्याच्या मध्येच, लुळा होऊन खाली पडला. मुलांना वाटलं, बाई गंमत करताहेत. शाळा कर्णबधिर मुलांची, आणि बाईंनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. हात पडला म्हणजे बोलणंच थांबलं.

निरोप आला तेव्हा त्यांचा नवरा आगारात बस लावत होता. माणूस महाबडबड्या, सिग्नलला थांबला तरी शेजारच्या गाडीवाल्याची कुंडली काढणारा. पण दवाखान्यात डॉक्टरसमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

डॉक्टर वयाने त्याच्या मुलीएवढी, पण शब्द तोलून बोलणारी. "काका, मेंदूच्या एका बारीक धमनीत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं औषध दिलंय, अजून फरक नाही. मोठी धमनी असती तर मांडीतून नळी आत घालून गुठळी काढूया, असंच मी म्हटलं असतं. इतक्या बारीक धमनीत तसं करून फायदा होईलच, असं छातीठोकपणे नाही सांगता येत. धमनी फाटली तर मेंदूत रक्तस्राव होईल. आणि तसं बघितलं तर गेलाय फक्त हात."

"फक्त हात?" तो भडकलाच. "तुमची वाचा गेली तर फक्त वाचा म्हणाल? अहो, ती हातानं बोलते! शिकवते हातानं, माझ्याशी भांडते हातानं!"

डॉक्टरने हातातला कागद खाली ठेवला. "चुकलं माझं. हे मी धरलंच नव्हतं. पण म्हणून धोका कमी होत नाही, काका. त्या शुद्धीवर आहेत, ठरवायचं त्यांनी. मी बोलते, तुम्ही त्यांना सांगा."

गुठळी, नळी, मांडीतून थेट मेंदूपर्यंतची वाट, सगळं त्याने हातांनी नीट सांगितलं. रक्तस्रावापाशी मात्र त्याने गाडी न थांबवताच पुढे काढली. ती घाबरून नाही म्हणाली तर? मग तो हात कायमचाच गेला.

पण लबाडी त्याला आजवर कधी पचली नव्हती, ती आज कुठून पचायची! तिला खटकलंच: डॉक्टर एवढं बोलली, चेहरा एवढा गंभीर, आणि याचं एवढ्यात आटोपलं? तिने डाव्या हाताने त्याच्या मनगटावर चापट मारली आणि बोट नाचवलं. सगळं सांग.

त्याने सांगितलं, डोळे पुसत पुसत सांगितलं. तिने डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलून पोटावर ठेवला. मग तिने होकाराची मान हलवली. काढा.

तिला आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आली ती खांदे पाडूनच.

"मी परत फिरले, काका. पुढे धमनी फारच अरुंद, त्यात वळणं. रेटलं असतं तर फाटली असती. गुठळी तिथंच आहे. व्यायामानं हात थोडाफार परत येईल, पण किती, ते आज नाही सांगता येणार."

त्याच्या जिभेवर शिवी आली होती. पण गाडी बोळात घुसवायला फारशी अक्कल लागत नाही, वेळेवर मागे घ्यायला लागते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"बरं केलंत," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला.

मग तो तिच्या उजव्या अंगाला खाटेवर बसला आणि या खेपेला एक अक्षर न गाळता तिला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. काहीतरी सांगायला तिने डावा हात उचलला, पण तो हवेतच अडला. त्यांच्या भाषेतले कितीतरी शब्द एका हाताने होतच नाहीत.

तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला. त्याची बोटं एकेक करून सरळ केली, आणि त्याच्या बोटांची टोकं आपल्या बोटांच्या टोकांना टेकवली, छपरासारखी. घर. त्याची बोटं वाकली, छप्पर एका बाजूला कललं. ती वैतागली. वर्गातल्या मुलांचे हात करायची तसा त्याचा हात तिने पुन्हा सरळ केला. घर.

उत्तर द्यायला त्याने हात मागे घेतला, तर तिने तो घट्ट धरून ठेवला. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.