कोष्टकातली विहीर

“पुन्हा तोच विषय असेल तर चहा घ्या आणि निघा, मॅडम,” विकास सर संगणकावरून नजर न काढता म्हणाले.

वैजयंती बसली नाही. “तोच आहे, सर. पाण्यावरचा तुमचा लेख.”

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती सहायक ग्रंथपाल होती. प्राध्यापकांचं संशोधन कुणालाही फुकट वाचता यावं म्हणून विद्यापीठाने खुला संग्रह सुरू केला, फीत कापली, फोटो काढले आणि काम तिच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून ती विभागाविभागांतून फिरत होती. परदेशी नियतकालिकात छापलेला लेख कुलूपबंद होतो. पण लेखकाने स्वतःजवळची शेवटची प्रत संग्रहात ठेवायला नियतकालिकाची हरकत नसते, हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता. कुणी ‘बघू’ म्हणत. कुणी ती दिसली की मोबाइल कानाला लावत.

आजचं वेगळं होतं. सकाळी एका विद्यार्थिनीला संदर्भ शोधून देताना सरांच्या लेखाचा सारांश तिच्यासमोर आला. तेवढाच फुकट होता. रिसोड तालुक्यातल्या वस्त्या, पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड, बरेच हातपंप घातक, मोजक्या ठिकाणचं पाणी सुरक्षित. कोणत्या, ते आतल्या कोष्टकात. कोष्टक हवं तर पैसे भरा. त्या नियतकालिकाची वर्गणी विद्यापीठाने कधीच बंद केलेली. विद्यापीठाच्या पगारावर, विद्यापीठाच्या गाडीतून हिंडून लिहिलेला लेख विद्यापीठालाच वाचता येत नव्हता.

आणि वस्त्यांमध्ये केनवडच्या अलीकडची तिची वस्ती होती. तिथे तिचे आईवडील राहत होते.

“लेख छापून तीन वर्षं झाली, सर. प्रत द्या, आत्ता चढवते.”

“आणि उद्या एखादा पत्रकार तो उचलेल. गावोगाव बोंब होईल. माझा दुसरा प्रकल्प मंजुरीला गेलाय.” सरांनी चष्मा काढला. “शिवाय इंग्रजी लेख. त्या वस्तीवर वाचणार कोण?”

“मी वाचणार. माझी माय तिथलं पाणी पिते. पाण्याचे नमुने घ्यायला आलेल्या तुमच्या पोरांनी आमच्या अंगणात बसून भाकर खाल्ली होती. रिपोर्ट देतो म्हणून सांगून गेले.”

सर गडबडले. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! पाठवतो की. तुमच्यापुरता ठेवा. संग्रहात मात्र नको.”

तुमच्यापुरता! तिला वाटलं, टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारावा. पण कोष्टक हवं होतं. लेख मोबाइलवर आला तशी तिने उभ्या उभ्याच तो वाचला आणि तिथूनच घरी फोन लावला. स्पीकर मुद्दाम चालू ठेवला.

“माय, शाळेजवळच्या पंपाचं पानी पिऊ नोका. आजपासून कोनीच नाही.”

“मंग काय पेवाव मानसानं?” चतुराबाईने विचारलं.

“जुन्या इहिरीचं पेवा. तिचं पानी चांगलं हाय. तपासेल हाय.”

पलीकडे चतुराबाईने कोंबड्या हाकलल्या.

“ते इहीर तं बुजवली न वो, मागच्या साली. पंप हाय, मंग कायले पाह्यजे, म्हने. दगडं, माती, साऱ्या गावचा कचरा टाकला तिच्यात. पयली पाटी तुह्या बापानंच टाकली.” मग सावकाश तिने विचारलं, “हे कवा समजलं त्या लोकाईले?”

“तीन वर्सं झाले.”

“अन् आता सांगून राह्यली?”

वैजयंती टेबलाजवळ सरकली. “मी नाही, माय. ज्याले ठाऊक होतं तो हा इथंच बसला हाय. त्यालेच इचार.” आणि तिने फोन सरांच्या तोंडासमोर धरला.

सरांनी नको नको म्हणून हात हलवला. तिने फोन हलवला नाही.

“हॅलो, साहेब? आमच्या नातीचे दात पिवये पडले. ते त्या पान्यानंच काय?”

“हो, आजी. शक्यता आहे.”

“मंग सांगाले काय झालं होतं?”

सर चष्मा पुन्हा घालून संगणकाकडे वळले. पलीकडून फोन बंद झाला.

पुढच्या आठवड्यात विद्या परिषदेची बैठक होती. प्रत्येक लेखाची प्रत संग्रहात ठेवणं सक्तीचं करावं, हा तिचा प्रस्ताव तिथे आला. तिने तयार केलेलं सादरीकरण बाजूला सारलं आणि कोष्टकातल्या वस्त्यांची नावं एकेक करून वाचली. अध्यक्ष म्हणाले, भावना समजते, आपण अभ्यास समिती नेमू.

“नेमा,” ती म्हणाली. “तोवर लोक तेच पानी पिऊन राह्यले.”

विषय पुढे सरकला. बाहेर आल्यावर ग्रंथपालांनी तिला आवाज चढवल्याबद्दल समज दिली. तिने ऐकून घेतली, पण माफी मागितली नाही.

दोन दिवसांनी, बैठकीतला प्रकार कानावर गेल्यावर, निकिताचा फोन आला. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, लेखावर दुसरं नाव तिचं. आता कारंजा लाडच्या कॉलेजात शिकवत होती. “मॅडम, बाटल्या मीच भरल्या होत्या. तुमच्या घरची भाकर खाणारी मीच. प्रत माझ्याजवळ आहे, हक्क माझाही आहे. चढवा. सरांना काय म्हणायचं ते मला म्हणू दे.”

वैजयंतीने लेख चढवला आणि खाली पंपांची, विहिरींची यादी साध्या मराठीत जोडली. विकास सरांनी लेखी तक्रार केली. सहलेखिकेची परवानगी असल्यामुळे लेख मात्र कुणाला काढता आला नाही.

रविवारी ती वस्तीवर गेली, तेव्हा विहीर उपसणं चाललं होतं. पोरं आत उतरली होती. काठावर नानाजी, तिचे वडील, दोराने पाट्या वर ओढत होते. त्यात चपला, फुटकी कौलं, प्लास्टिक, माती. कुणी कुणाला दोष देत नव्हतं.

“बाबा, सरका. मी ओढते.”

“राहू दे.”

दुपारी एका पाटीतली माती काळपट आली, ओल लागल्यासारखी. नानाजींनी तिच्यातला एक गोळा उचलला, मुठीत धरून जोर लावून दाबला. बोटांतून पाणी आलं नाही. त्यांनी मूठ उघडून तळहाताकडे पाहिलं, तो धोतराला पुसला आणि रिकामी पाटी पुन्हा आत सोडली.